धारेच्या आणि शिवणीच्या मध्ये

सुरीसाठी पहिल्यांदा म्यान शिवणारा माणूस साधारण असं करतो: चामड्याचा तुकडा मधोमध दुमडतो, सुरी आत ठेवतो, धारेच्या बाजूने टाके घालतो आणि काम झालं असं समजतो. म्यान दिसायला छान असतं. पण सुरी रोज आत-बाहेर होऊ लागली की धार दोऱ्यावर घासते. एकेक टाका आतून कापला जातो, बाहेरून काही कळत नाही, आणि एखाद्या दिवशी सुरी उपसताना म्यान धरलेल्या बोटांवरच पातं येतं. उपसताना जोर लावलेला असतो, त्यामुळे जखम खोल होते.

हे टाळणारी वस्तू अगदी साधी आहे. त्याच चामड्याची, बोटापेक्षाही अरुंद अशी एक पट्टी. ती दोन्ही पाखांच्या, म्हणजे चामड्याच्या दुमडलेल्या बाजूंच्या मध्ये, धारेच्या बाजूने बसवायची आणि तिच्यासकट तीन थर शिवायचे. मग धार टेकते ती पट्टीच्या कडेवर, आणि दोरा तिच्यापासून सात-आठ मिलिमीटर दूर राहतो. नवशिक्याने बाकी सगळं ओबडधोबड केलं तरी म्यान चालेल. पट्टी वगळली तर चालणार नाही.

धारेला शिवणीपासून दूर ठेवण्याची ही युक्ती नवी नाही, आणि ती कुणा एकाची नाही. आपल्याकडच्या तलवारींची म्यानं वरून चामड्याची किंवा मखमलीची दिसतात, पण आत लाकडाच्या दोन फाळी असतात. धार लाकडाला लागते, चामड्याला नाही. तोंडाशी धातूची मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ येते ती त्याच कारणाने, कारण पातं आत शिरताना आणि टोक तळाला आपटताना झीज तिथेच होते. फिनलंडमधल्या पुक्को या छोट्या सुरीच्या म्यानात पात्यापुरता लाकडी साचा बसवलेला असतो आणि शिवण मागच्या बाजूला मधोमध येते. लंडनला थेम्स नदीकाठच्या ओल्या मातीत मध्ययुगीन चामडी म्यानं मोठ्या संख्येने सापडली. त्यांतल्या बहुतेकांची शिवणही पाठीमागे मधून गेलेली आहे, धारेच्या बाजूने नाही. उपाय वेगवेगळे, काळजी एकच. नवशिक्याला लाकूड कोरायला किंवा पाठीमागची शिवण नीट बसवायला जमणार नाही, म्हणून त्याच्यासाठी मधल्या पट्टीचा मार्ग सर्वांत सरळ.

सुरी कोणती घ्यावी, हाही प्रश्न आहे. कोकणात माडावर चढणाऱ्याचा कोयता कमरेच्या आकडीत उघडाच अडकवलेला असतो, आणि ते योग्यच आहे. पुढे वळलेलं पातं अरुंद म्यानात सरकतच नाही, शिवाय ओलं आणि चिकाने माखलेलं पातं चामड्यात कोंडणं म्हणजे गंजाला आमंत्रण. पहिल्या प्रयत्नाला सरळ पात्याची, न मिटणारी सुरी घ्यावी. शेतावर दोरी कापायला, बागेत कामाला किंवा ट्रेकवर भाजी चिरायला नेतात तशी. इथे उदाहरणासाठी एक माप धरू: पातं 10 सेंमी लांब, 28 मिमी रुंद आणि 3 मिमी जाड, मूठ 11 सेंमी लांब, 28 मिमी रुंद आणि 22 मिमी जाड. पुढची सगळी मापं या सुरीची आहेत. आपल्या सुरीला ती जशीच्या तशी लागू होणार नाहीत, हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

आता चामडं. इथे एकच गोष्ट पक्की ठरवावी लागते: ते झाडाच्या सालीने आणि फळांनी कमावलेलं हवं, क्रोमचं नको. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं व्यापारी तंत्र 1884 च्या अमेरिकी पेटंटपासून पसरलं. आज पर्स, जाकिटं आणि बुटांचे वरचे भाग बहुतांश त्याच चामड्याचे असतात, कारण ते मऊ आणि लवचिक असतं. हाच गुण म्यानासाठी अवगुण ठरतो. क्रोमचं चामडं ओलं करून सुरीवर दाबलं तरी वाळल्यावर पुन्हा मऊच पडतं, आकार धरत नाही. सालीने कमावलेलं चामडं ओलं झाल्यावर मातीसारखं वळतं आणि वाळलं की त्याच आकारात कडक होतं.

हे चामडं महाराष्ट्राला परकं नाही. कोल्हापुरी चप्पल त्याचीच. तिच्यासाठी म्हशीचं कातडं पिशवीसारखं शिवून, त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचा काढा भरून टांगून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. तमिळनाडूतही सालीवर कमावलेल्या चामड्याची मोठी परंपरा आहे. मुंबईकराला धारावीतल्या शीव–वांद्रे लिंक रोडवरच्या दुकानांत शोध घेता येतो. चपलेच्या तळाचं चामडं म्यानासाठी फार जाड पडतं. 3 मिमीचं मागावं. 2 मिमीच्या खाली गेलं तर म्यान लुळं होतं, 4 च्या वर गेलं तर नवशिक्याला दुमडताच येत नाही.

ओळखायचं कसं? कापलेली कड पाहावी. आरपार तपकिरी किंवा फिकट बदामी रंग दिसला तर सालीचं, मध्ये निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोमचं. न रंगवलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकावा. सालीचं चामडं तो शोषून तिथे गडद होतं. आणि जनावराच्या पाठीकडचा भाग घ्यावा. पोटाकडचं चामडं स्वस्त मिळतं, पण ते ताणलं जातं, एका ठिकाणी जाड आणि दुसऱ्या ठिकाणी पातळ असतं. पहिलं म्यान बिघडण्याचं खापर अनेकदा हातावर फुटतं, दोष मात्र पोटाकडच्या तुकड्याचा असतो.

उदाहरणातल्या म्यानाला कमरपट्ट्याच्या पट्टीसकट सुमारे 32 बाय 12 सेंमीचा तुकडा लागतो. चामडं चौरस फुटावर विकलं जातं, आणि किमान 32 सेंमी लांबीच्या चौरस फूटभर चामड्यात असे दोन तुकडे निघतात. दोनच घ्यावेत. एक शिकण्यासाठी लागतोच.

चामड्याला हात लावण्याआधी एक संध्याकाळ कागदाला द्यावी. जुन्या वहीचा पुठ्ठा किंवा मिठाईच्या खोक्याचा कागद उत्तम. तो मधोमध दुमडायचा, सुरीची पाठ घडीला टेकवायची आणि धारेच्या बाजूने बाहेरची रेघ गिरवायची. त्या रेघेबाहेर 2 मिमी मोकळी जागा आणि 12 मिमी पट्टीची रुंदी, म्हणजे एकूण 14 मिमी सोडून दुसरी रेघ मारायची. पात्यापुरतं हे बरोबर येतं. चूक होते ती मुठीपाशी.

सपाट कागदावर मूठ गिरवली तर 28 आणि 14 मिळून घडीपासून 42 मिमी भरतात. पण मूठ सपाट नाही, 22 मिमी जाड आहे, आणि चामड्याला तिच्याभोवती वळायचं आहे. म्हणून मुठीला दोऱ्याचा वेढा घालून तो मोजायचा. अशा लांबट गोल मुठीचा वेढा साधारण 79 मिमी भरतो. 3 मिमी जाडीचं चामडं वळताना आणखी सुमारे 9 मिमी खातं. झाले 88. त्याचे निम्मे 44, अधिक पट्टीचे 12, म्हणजे एका पाखाला 56 मिमी हवेत. सपाट मापाने कापणाऱ्याचे नेमके 14 मिमी कमी पडतात. मग म्यान शिवून पूर्ण होतं आणि सुरी आत जातच नाही. पहिल्या म्यानांत पट्टीच्या खालोखाल ही चूक सर्वांत जास्त होते, आणि ती फक्त दोऱ्याच्या एका वेढ्याने टळते.

मूठ जवळजवळ निम्मी तरी आत जायला हवी, म्हणजे 5 सेंमीपर्यंत. म्यान सुरीला धरून ठेवतं ते पात्याला आवळून नाही, मुठीला कवटाळून. टोकाच्या खाली 5 मिमी मोकळी जागा ठेवून मग तळाची शिवण यावी. मागच्या पाखाला वर 5 सेंमी रुंदीची लांब पट्टी जोडूनच कापायची. ती मागे वळवून शिवली की कमरपट्टा जाण्याचा पट्टा तयार होतो. बाजारातले कमरपट्टे 35 ते 40 मिमीचे असतात, तेव्हा आतली फट 50 मिमीची ठेवावी. फटीच्या दोन्ही बाजूंचे 50-50 आणि शिवणीचे 25 धरून ही पट्टी साडेबारा सेंमी लागते.

कागदी म्यान स्टेपलरने टाचून त्यात सुरी घालून पाहावी. धारेवर त्या वेळी मास्किंग टेप गुंडाळलेली असावी, आणि ती काम संपेपर्यंत तशीच राहू द्यावी. कागदी म्यान कमरेला लावून मूठ हाताशी येते का, हेही तेव्हाच कळतं. डावखुऱ्याने कागद उलटा करून घ्यावा. आणि प्रत्येकाने लक्षात ठेवावं की चामड्याच्या आतल्या, लवदार बाजूवर आकृती काढली तर म्यान आरशातल्यासारखं उलटं निघतं.

कापण्यासाठी चर्मकाराची रापी असेल तर फार छान. ती चालवायची सवय नसेल तर नव्या पात्याचा कटर आणि पोलादी पट्टी घ्यावी. एकाच जोरात कापू नये. तीन-चार हलक्या फेऱ्यांत कड सरळ येते. भोकं पाडायची आरी मात्र चर्मकार कारागिराकडून बघून, हातात धरून पाहून मगच विकत घ्यावी. त्याच्या ठेल्याशी अर्धा तास बसून, त्याच्या वेळेचे पैसे देऊन टाका कसा पडतो ते पाहिलेलं दहा व्हिडिओंच्या बरोबरीचं ठरतं. त्याच्या आरीला टोकाशी खाच असते. ती दोऱ्याचा फास वर ओढते आणि दुसरं टोक त्या फासातून जातं. हा टाका झपाट्याने पडतो, पण हाताला वर्षांची सवय लागते. नवशिक्यासाठी दोन सुयांची शिवण बरी. ती संथ आहे, पण चुकली तर लगेच दिसते.

कमरपट्ट्याची पट्टी सर्वांत आधी वळवून शिवून घ्यायची. म्यान दुमडून बंद झालं की तिथे सुई पोचत नाही. वळवलेल्या टोकाची जाडी रापीने थोडी छिलली तर तिथे फुगवटा राहत नाही.

त्यानंतर मधली पट्टी. ती त्याच 3 मिमी चामड्याची, 12 मिमी रुंद, आणि कागदावरच्या धारेच्या रेघेप्रमाणे वळण घेऊन कापलेली असावी. सरळ पट्टी कापून ती वळवायला जाऊ नये. आतल्या कडेला सुरकुत्या पडतात आणि नेमकी तिथेच धार अडकते. पट्टीची जाडी पात्याच्या जाडीइतकी हवी. पातं 5 मिमीचं असेल तर दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवाव्यात. पट्टी पात्याहून फार पातळ पडली तर दोन्ही पाखं धारेच्या बाजूला आत झुकतात आणि धार पाखालाच कापू लागते. तोंडाशी पट्टी एकदम तोडू नये, तिची आतली कड हळूहळू तिरकी करत न्यावी, म्हणजे सुरी आत जाताना तिच्या टोकावर अडखळत नाही.

चिकटवायला चर्मकाराकडचं सोल्युशन लागतं. ते चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर नीट धरत नाही, म्हणून पट्टीची ती बाजू पॉलिश पेपरने खरवडून घ्यायची. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावल्यावर चिकटेनासं झालं की जोडून हातोडीने हलके ठोके मारायचे. एकदा जोडलं की सरकवता येत नाही, तेव्हा आधी एक टोक, मग हळूहळू पुढे. खिडकी उघडी ठेवावी, जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. सोल्युशनचा वास नुसता उग्र नसतो, त्याची वाफ पेट घेते.

चिकटवलेली तीन थरांची कड पॉलिश पेपरने एकसारखी करून, कडेपासून 4 मिमीवर कंपासच्या टोकाने हलकी रेघ ओढायची. तिच्यावर दर 5 मिमीला खूण. आता भोकं. 9 मिमी जाडीतून आरी सरळ पार करणं हे नवशिक्याचं सर्वांत अवघड काम आहे. पुढून ओळ सरळ दिसते आणि मागे ती नागमोडी जाते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरात ड्रिल असेल तर दीड मिमीचं बिट लावून, खाली लाकडी फळी ठेवून, उभं धरून भोकं पाडावीत.

दोरा किती घ्यायचा याचा हिशेब सोपा आहे. दर टाक्याला प्रत्येक सुई 5 मिमी पुढे जाते आणि 9 मिमी जाडी पार करते, म्हणजे 14 मिमी. दोन सुयांचे 28. पाच मिमी शिवणीला 28 मिमी दोरा, म्हणजे जवळजवळ सहापट. 17 सेंमी शिवणीला एक मीटर आणि हातात धरायला आणखी 40 ते 50 सेंमी. 0.8 ते 1 मिमी जाडीचा, मेण लावलेला पॉलिएस्टर किंवा ताग-अंबाडीच्या जातीचा मजबूत दोरा घ्यावा. साधा दोरा असेल तर तो मधमाशीच्या मेणाच्या गोळ्यावरून दोन-तीनदा ओढून घ्यावा.

दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई. तोंडाकडून सुरुवात करायची, एक सुई एका बाजूने आणि दुसरी त्याच भोकातून उलट बाजूने. दोन्ही हातांनी एकदम ओढायचं, पण इतकं नाही की दोरा चामडं कापेल. प्रत्येक टाक्याला आधी उजवी की डावी सुई, हा क्रम एकदा धरला की तो मोडू नये. टाके एकसारखे तिरके दिसतात ते त्यामुळेच. तोंडाशी आणि तळाशी दोन-तीन टाके दुहेरी घ्यावेत. या शिवणीचा मोठा फायदा असा की एक टाका तुटला तरी दुसरा धागा त्या जागी धरून असतो, सगळी शिवण उसवत नाही. अगदी टोकाशी एका टाक्याची जागा मोकळी सोडावी, म्हणजे आत गेलेलं पाणी आणि माती तिथून बाहेर पडेल.

आता म्यानाला सुरीचा आकार द्यायचा. सुरी प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये दोन वेढे देऊन गुंडाळायची, धारेवरची टेप तशीच ठेवून. हे गुंडाळणं टाळू नये. सालीतलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की निळसर काळा डाग पडतो, आणि तो निघत नाही. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे शाई करत, तीच ही रासायनिक क्रिया. म्यान कोमट पाण्यात मिनिटभर बुडवायचं, बुडबुडे थांबले की काढायचं, सुरी आत घालायची आणि अंगठ्याने, चमच्याच्या पाठीने मुठीच्या कडा दाबून घ्यायच्या. नखं लागू देऊ नयेत, ओल्या चामड्यावर नखाची रेघही कायम राहते. आकार धरला की सुरी काढून म्यान सावलीत वाळवायचं. उन्हात, हेअर ड्रायरने किंवा गॅसजवळ अजिबात नाही. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि पापडासारखं ठिसूळ होतं. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. कोकणात जुलैमध्ये तीन दिवसही लागतात, आणि तेव्हा पंख्याखाली ठेवावं, नाही तर बुरशी आधी पोचते.

वाळल्यावर कडा 120, मग 240, मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासाव्यात, बोट ओलं करून फिरवावं आणि जुन्या जीन्सच्या तुकड्याने जोरात चोळावं. तीन थर एकजीव दिसू लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण हातात घेणाऱ्याचं लक्ष सर्वांत आधी कडेकडे जातं. शेवटी बाहेरून मेणाचा पातळ हात द्यावा. तेलात भिजवू नये. चपलेला तेल हवं असतं कारण ती पायाबरोबर वाकते. म्यान वाकायचं नसतं, आणि तेलाने ते मऊ पडून इतक्या कष्टाने दिलेला आकार जातो.

मग परीक्षा. धारेवर टेप असतानाच सुरी आत घालावी, पलंगावर म्यान उलटं धरावं आणि हलवावं. सुरी पडता कामा नये, पण दोन बोटांनी ओढली तर बाहेर यावी. फार घट्ट वाटली तर मुठीचा भाग पुन्हा ओला करून फिल्ममध्ये गुंडाळलेली सुरी घालून रात्रभर ठेवावी. सैल वाटली तर तोंडाजवळचा भाग ओला करून पुन्हा दाबावा. टेप काढल्यावर सुरी घालताना पाठ घडीला टेकवूनच सरकवायची सवय लावावी, आणि उपसताना म्यान घडीच्या बाजूने धरावं, शिवणीच्या बाजूला बोटं नकोत.

घरी आल्यावर सुरी म्यानात ठेवू नये. चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि साध्या पोलादाच्या पात्यावर एका पावसाळ्यात तांबूस ठिपके येतात. सुरी पुसून, तेलाचा हात देऊन वेगळी ठेवावी. म्यान उघडं, हवेशीर.

म्यान कमरेला लावून बाहेर पडणाऱ्याने कायदाही जाणावा. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांवर निर्बंध आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. उदाहरणातली 10 सेंमी पात्याची सुरी या मापात खूप आत बसते. पण महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 च्या कलम 37 खाली वेळोवेळी जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात, आणि त्या काळात सुरी घेऊन रस्त्यावर फिरणं टाळावं. विमानात हातातल्या बॅगेत सुरी चालत नाही. शेतावर किंवा ट्रेकला जातानाही ती बॅगेत ठेवून, तिथे पोचल्यावर कमरेला लावलेली बरी.

कागदी आकृती फेकू नये. तिच्यावर चामड्याची जाडी, मुठीचा वेढा आणि पट्टीची रुंदी लिहून ठेवावी, आणि महिनाभर वापरल्यावर काय बोचलं तेही: मूठ अर्ध्या इंचाने जास्त आत हवी होती, पट्टी तोंडाशी अजून तिरकी हवी होती, कमरपट्ट्याची फट सैल झाली. त्या चौरस फुटातला दुसरा तुकडा अजून शिल्लक असतो.